यल्लाप्पांचा रीतसर सत्कार

पिरनवाडीच्या पुढच्या एका गावातले परशरामअण्णा मुलीच्या रहिवासी दाखल्यासाठी पंचायतीत गेले, तेव्हा त्यांनी डबा, पाण्याची बाटली आणि भांडणाची पूर्ण तयारी बरोबर नेली होती. आरोहीला धारवाडच्या वसतिगृहात जागा मिळाली होती. दाखल्याचा फोटो त्याच दिवशी पाचच्या आत पोचला नाही, तर जागा दुसऱ्या मुलीला जाणार होती.

कारकून यल्लाप्पांनी कागद वरखाली पाहिला आणि म्हणाले, "बसा अण्णा. सायबांची सही झालीया. शिक्का मारला की झालं, चा घेऊस्तोवर देतो."

अण्णांचा कानांवर विश्वास बसेना. कुणी उद्या या म्हटलं नाही, झेरॉक्स मागितली नाही! सकाळपासून पाठ केलेलं भांडण घशातच विरलं आणि त्यांना एकदम भरून आलं. "असा माणूस! आणि ह्येला आपन कोरडंच सोडायचं व्हय?" ते रांगेतल्या गोपाळ मास्तरांना म्हणाले.

मास्तर निवृत्त होते, त्यामुळे वेळ भरपूर होता. "चांगल्या कामाचं कौतुक झालंच पाहिजे. पण रीतसर."

समोरच्या दुकानातून शाल, फेटा, हार, नारळ आला. यल्लाप्पा हातात शिक्का घेऊन उभे राहिले. "अण्णा, शिक्का तेवढा मारतो, मग..."

"ऱ्हाऊ द्या वो! आजचा दिवस तुमचा हाय," अण्णा म्हणाले. मास्तरांनी शिक्का काढून टेबलावर दाखल्याशेजारी ठेवला आणि त्या हातात नारळ दिला.

एकाच कारकुनाचा सत्कार केला तर कार्यालयात दुजाभाव होतो, म्हणून घरपट्टीच्या जयाबाईंनाही शाल आली. मग पाणी सोडणाऱ्या भरमाला. भरमा पाणी सोडायला निघालाच होता. त्याला मागे फिरवून खुर्चीवर बसवण्यात आलं. अध्यक्षांशिवाय सत्कार वैध ठरत नाही, म्हणून एका सदस्याला शेतातून बोलावून आणलं. ते अंघोळ करून आले. श्रोते कमी पडत होते, तेव्हा खिडकीपुढची रांग मोडून सगळ्यांना आत घेतलं.

कुणाचं मन दुखू नये म्हणून प्रत्येक भाषण आधी मराठीत आणि मग तेच कन्नडमध्ये झालं. खोलीतल्या सगळ्यांनाच दोन्ही भाषा येत होत्या. त्यामुळे सगळे एकाच विनोदाला दोनदा हसले, दुसऱ्यांदा केवळ माणुसकीखातर. सदस्य वक्तशीरपणावर बोलले आणि बराच वेळ बोलले.

अण्णांच्या खिशात फोन वाजत होता. आरोहीचा होता. पण आभार मानायचं काम अण्णांकडे असल्यामुळे त्यांनी तो कापला आणि तिला धीर यावा म्हणून सत्काराचा एक झकास फोटो पाठवला. मग आभारही दोन्ही भाषांत मानले.

टाळ्या थांबल्यावर यल्लाप्पांनी डोळ्यांवर आलेला फेटा मागे सारला, हारांच्या ढिगाखालून शिक्का शोधला आणि घाईघाईने दाखल्यावर मारला. अण्णांनी लगेच त्याचा फोटो पाठवला. तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजून गेले होते.

आरोहीचा फोन आला. "आप्पा, जागा गेली."

अण्णा म्हणाले, "आगं, पन..."

"तुमचा पयला फोटो मी मोठा करून बघितला. त्यो नारळाखाली हाय, त्यो माझाच दाखला न्हवं?" आरोहीने विचारलं.

संध्याकाळी गावच्या कट्ट्यावर बसलेल्या शामूने विचारलं, "काय अण्णा, झालं का काम?"

अण्णा कट्ट्यावर टेकले. "कशाचं काम आनि कशाचं काय! सकाळच्यापारी गेलतो. पाच वाजलं तरी दाखला न्हाय. कारकून लोक शाली पांघरून, फेटं बांधून बसल्यात! पोरीची जागा गेली रं."

"लई माजल्यात ही लोकं," शामू म्हणाला.

कट्ट्यावरच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. गोपाळ मास्तरांनी तर सर्वात आधी. तुम्हीही अशा किती कट्ट्यांवर मान डोलावली असेल, आठवा. आणि आज खोलीत मागच्या रांगेत बसून दोनदा हसणाऱ्यांत कोण कोण होतं, तेही.