गाभ्यातली सुरळी

लेकीकडे राहायला जाताना सासऱ्यांनी किल्ल्या सुनेकडे दिल्या, औषधांचा डबा सासूकडे आणि अंगणातलं पामचं झाड मुलाकडे. "थंडी वाढली की ताडपत्री गुंडाळ. विसरशील!" फाटकातून परत वळून त्यांनी बजावलं. मुलगा विसरला नाही. दव गोठलं त्या रात्री त्याने आठवणीने ताडपत्री काढली आणि गाडीवर घातली.

सकाळी गाडी ठणठणीत होती. पामच्या झावळ्या मात्र उकडलेल्या पाल्यासारख्या लोंबत होत्या, आणि बघता बघता तपकिरी पडल्या.

"आता बाबांना काय सांगायचं?" सून म्हणाली. सासरे रोज फोनवर आधी पामची चौकशी करत, मग नातीची. सुनेची चौकशी अभ्यासक्रमातच नव्हती. पण घरात काही बिघडलं की पहिला प्रश्न तिलाच असे: "तू घरातच होतीस ना?" मागे एक कुंडी फुटली होती, तेव्हा ते महिनाभर तिच्याशी बोलले नव्हते. इथे तर आख्खं झाड होतं.

नवऱ्याने नर्सरीवाल्याला फोन लावला. "काही कापू नका," तो म्हणाला. "मधल्या न उघडलेल्या पानाची सुरळी हलकेच ओढून बघा. घट्ट असली तर झाड जिवंत आहे."

नवऱ्याने ओढली. "एकदम घट्ट! काळजीच नाही."

मुलाच्या 'काळजी नाही'वर त्याच्या शाळेपासून सासूचा विश्वास नव्हता. तो कामाला गेल्यावर तिने ओढून पाहिली. ती आत गेल्यावर दुपटी वाळत घालता घालता सुनेने ओढली. झोपलेल्या लेकीच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची तिला सवयच होती. झाडाला नाक नव्हतं, म्हणून सुरळी. असं रोज चाललं. झाड जिवंत आहे ना, हे बघण्यासाठी तिघांनी त्याचा जीव काढायचाच काय तो बाकी ठेवला होता.

एका सकाळी सुरळी सुनेच्या हातातच आली. टोक काळं, चिकट, कुजका वास. तिने इकडेतिकडे पाहिलं, सुरळी पुन्हा गाभ्यात खोचली, सरळ केली आणि आत जाऊन हात धुतले.

संध्याकाळी नवरा म्हणाला, "आत्ताच बघितली. घट्ट आहे." तो बराच वेळ हात धूत होता.

दुसऱ्या दिवशी सासूने फर्मान काढलं, "आता झाडाला कुणी हात लावायचा नाही. त्याला विश्रांती हवी." तिच्या हातांनाही साबणाचा वास येत होता.

आणि सासरे आले. बॅग खाली, नात कडेवर, आणि थेट झाडापाशी. "थांबा!" म्हणायची कुणाची छाती झाली नाही. छोटीने हात लांबवला, सुरळी धरली आणि उपटली.

"अगंबाई! एवढी जपली होती आम्ही!" सासू.

"तरी मी हिला म्हणत होतो, छोटीला झाडापाशी नेऊ नकोस!" नवरा.

सुनेने खरं सांगायला तोंड उघडलं. सासऱ्यांचा चेहरा पाहिला. "फार आगाऊ झालीये ही," ती म्हणाली, आणि रात्री लेकीचे नेहमीपेक्षा जास्त पापे घेतले.

सासऱ्यांनीच नर्सरीवाल्याला फोन केला. "निघाली? उत्तम!" तो म्हणाला. "आतली कूज पुसून काढा, बुरशीचं औषध घाला. गाभा शाबूत असेल तर फुटेल."

थंडी सरली, आणि खरंच मधोमध हिरवं टोक डोकावलं.

"माझ्या नातीने वाचवलं!" सासऱ्यांनी जाहीर केलं. "तिने उपटली नसती तर झाड आतल्या आत कुजलं असतं."

सासूला हे सोसवेना. "तिने कसली? तिच्याआधी मी उपटली होती!"

"आई, तुझ्याआधी मी."

"आणि तुमच्या दोघांच्या आधी मी," सून म्हणाली. लग्नानंतर प्रथमच ती कशात तरी पहिली आली होती.

सासऱ्यांनी तिघांकडे शांतपणे पाहिलं. "वा! म्हणजे माझ्यामागे सगळ्यांचंच झाडावर बारीक लक्ष होतं. मग मी आलो तेव्हा त्याची ताडपत्री गाडीवर कशी होती?"

अंगणात छोटी मातीत खेळत होती. तिला अजून एक शब्दही बोलता येत नव्हता.

तिघांनी एकदम तिच्याकडे पाहिलं.