हौसाची नस

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं, तर चांदीला, म्हणजे आमच्या म्हशीला, धुतलं. मी पाणी ओतत होतो. हौसा काथ्यानं घासत होती आणि म्हशीच्या कानाशी तोंड नेऊन भुंग्यागत गुणगुणत होती. गाणं नव्हे, नुसता हुंकार. मग माझ्याकडं वळली. "तुमी बी करा की. तोंड मिटून. नस सैल हुतीया."

पन्नास वर्षांच्या संसारात ह्या बाईला नस कशाशी खातात माहीत नव्हतं. वर्षापूर्वी नातीनं मोबाइलवर कुणा डॉक्टरीणबाईचं बोलणं ऐकवलं. मेंदूतून एक नस निघते, गळ्यातून, काळजाजवळून पोटापर्यंत जाते. ती शांत, तर अंग शांत. श्वास हळू सोडा, गुळण्या करा, गार पाण्यानं तोंड धुवा, गुणगुणा. हौसानं तीनदा ऐकलं आणि मांडीवर थाप मारली. "मंजी म्हशीगत की! घाबरली की पान्हा चोरती, चुचकारली की सोडती."

झालं. मी चौथीपर्यंत तरी शाळा बघितली, तिनं तेवढीही नाही. पण त्या दिवसापासून ती आमच्या अख्ख्या शिवाजी पेठेची डॉक्टर झाली.

आमच्याकडं सकाळी धारोष्ण दूध प्यायला गिऱ्हाईक येतं. डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसासकट पेला हातात द्यायचा. हौसा पेला देईनाच. "आदी श्वास सोडा. लांब. मग दूध." तालमीतले दांडगे गडी रांगेत उभे राहून फुसफुसायचे. एकदा गडहिंग्लजचा एकजण तणतणत आला, "मावशी, माझी यष्टी चुकंल!"

"पावणं, तुमची नस कासऱ्यागत ताठलीया. गुणगुणा."

वैतागून गुणगुणला. पेला संपवला, भिंतीला टेकला आणि म्हणाला, "अजून एक द्या." एसटी गेली ती गेलीच.

माझ्यावर तर रोजच प्रयोग. म्हशीला चुचकारतात तसा कानाखालून गळ्यापर्यंत हात फिरवायची. मी ओरडायचो, "अगं, मी काय दूध देनार हाय व्हय?"

"दूध नगं. बोला तरी. मनातलं चोरून ठिवू नगासा."

सकाळी मोरीत आम्ही दोघं गुळण्या करायचो, तर भिंतीपलीकडून शेजारचे अण्णा विचारायचे, "काय वं, बोअरची मोटार दुरुस्त झाली का?"

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. माझ्या छातीत अधनंमधनं घोडं उधळायचं. गुणगुणलं की जरा चालीवर यायचं. हे मी तिला सांगितलं नव्हतं. बाईमाणसाला कशाला घोर? पण मला एक कोडं पडलं होतं, हिला ह्या नसेचं एवढं वेड का? विचारलं की म्हणायची, "करून बगायला काय जातंय तुमचं?"

म्हशीला धुतलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, भाकरी थापता थापता हौसा भिंतीला टेकली, आणि गेली.

रक्षाविसर्जन झालं, पै-पावणे पांगले, तेव्हा सून माझ्यासमोर येऊन बसली. हौसाला ती आत्या म्हणायची.

"मामा, एक सांगू? रागावू नका. आत्यांच्या छातीत वर्षभर धडधडत हुतं. मी दवाखान्यात चला म्हटलं की माझ्या तोंडावर हात ठेवायच्या. 'त्यास्नी कळू दिऊ नगंस. घाबरत्याल.'"

मला म्हाताऱ्याला 'बोला' म्हणून रोज छळणारी बाई! मोरीत खांद्याला खांदा लावून उभे राहणारे आम्ही दोघं, एकच दुखणं एकमेकांपासून लपवत होतो. तिला त्या नसेची गरज होती, आणि मी खिदळत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी धार काढायला अण्णांना बसवलं आणि सुनेला म्हणालो, "चप्पल घाल. दवाखान्यात जायाचं हाय."

डॉक्टरनं छातीला नळी लावली. बराच वेळ ऐकलं. मग विचारलं, "आजोबा, कधीपासून धडधडतंय?"

'कालपासनं' अगदी ओठावर आलं होतं. सून बघत होती.

"दीड वरीस झालं," मी म्हणालो. "बायकोला बी सांगितलं न्हवतं."