अप्पांचा साक्षीदार

काशिनाथअप्पा गाठीला गाव विचारतात. मेंदूतून काढलेल्या गाठीचा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसून आमच्या लातूरच्या लॅबमध्ये आला, की अप्पा तो उजेडात धरतात. "बोला पाव्हणं, गाव कोणतं? हितलेच, का दुसरीकडून आलात?"

माणसांनाही ते हेच विचारतात. औषधांचा विक्रेता "मुरुडचा" म्हणाला, तर "मूळचे मुरुडचे, का तिथं येऊन राहिलेले?" मी नोकरीला लागलो तेव्हा नांदेडचा आहे म्हणून सांगितलं होतं. तिसऱ्या प्रश्नाला मुदखेड कबूल केलं, पाचव्याला आजोळ.

गाठीच्या बाबतीत मात्र सगळा उपचार या प्रश्नावर अवलंबून असतो. प्रत्येक पेशीत तिच्या घराण्याची प्रथिनं असतात. ठोकळ्याचा पातळ काप काचेवर घ्यायचा आणि त्यावर मार्कर, म्हणजे ते प्रथिन हुडकणारं रसायन, सोडायचा. नेमकं प्रथिन असेल तर तपकिरी रंग चढतो. त्याआधी काचा कुकरमध्ये उकळाव्या लागतात, दाब आल्यावर तीन मिनिटं. सफाईच्या मावशींनी एकदा "वरण झालं का?" म्हणत झाकणाला हात घातला, तेव्हापासून कुकरवर अप्पांच्या हातचं लाल ऑइलपेंट आहे: 'खाण्याचा नव्हे.'

आणि सोबत एक कंट्रोल लावायचा. ज्यात ते प्रथिन नक्की आहे, अशा जुन्या गाठीचा काप. तो रंगला नाही, तर चूक आपली. अप्पा त्याला साक्षीदार म्हणतात. एका दुर्मीळ गाठीचा साक्षीदार-ठोकळा ते स्वतःच्या ड्रॉवरमध्ये रुमालात गुंडाळून ठेवत. मी काप मागितला की त्यांचा चेहरा पडायचा. "पातळ घ्या, बापूराव. लई पातळ."

मी एकदा चारचौघांत म्हणालो, "अप्पा, वडिलोपार्जित इस्टेट आहे का ही?" सगळे हसले. अप्पाही हसले.

एका शनिवारी ते उदगीरला लग्नाला गेले होते. जळकोटच्या एकोणीस वर्षांच्या मुलीची गाठ आली. छाती, पोट सगळं तपासून झालं होतं. गाठ कुठून पसरली ते सापडत नव्हतं. आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना त्याच दुर्मीळ गाठीचा संशय होता. मला मुदखेडला जायची घाई होती. मी साक्षीदार लावलाच नाही. कुकरही दीड मिनिटात उतरवला. तपकिरी ठिपकासुद्धा आला नाही. 'निगेटिव्ह' लिहून मी निघालो.

सोमवारी मॅडम सही करणार, तेवढ्यात अप्पांनी काच उचलली. "साक्षीदार कुठंय?"

"लावला होता. काच फुटली," मी म्हणालो.

ड्रॉवर उघडून अप्पांनी स्वतः काप घेतला, सगळं पुन्हा लावलं. दुपारी दोन्ही काचा तपकिरी झाल्या. मुलीचीसुद्धा.

मॅडमनी मान वर केली. "मेंदूतच उगवलेली आहे. किरणोपचारानं बहुतेकदा बरी होते ही."

माझ्या कागदावर सही झाली असती, तर त्या पोरीच्या अंगात नसलेला आजार शोधत महिने गेले असते. मॅडम फोनकडे वळल्यावर मी अप्पांना म्हणालो, "काच फुटली नव्हती. मी खोटं बोललो."

"ठावं हाय. ठोकळ्यावर नव्या कापाची खूण न्हवती."

"इतकं कसं लक्षात राहतं? कुणाचा आहे हा ठोकळा?"

"आमच्या मंडळींचा."

अठरा वर्षं मी या माणसाला बिनलग्नाचा समजत होतो.

"लग्नाला तीन वर्सं झाली हुती," अप्पा म्हणाले. "तवा हितं मार्कर न्हवते. दुसरीकडून आलीय म्हणून सगळे पोटात न् छातीत हुडकत राहिले. ती गेली. मार्कर आले, तवा पहिला तिच्याच ठोकळ्यावर लावला."

"मग?"

"तपकिरी."

ठोकळ्यात आता पाचसहा काप उरले असतील. इस्टेट म्हणालो होतो मी. घाईघाईनं म्हणालो, "अप्पा, परवानगी घेऊन यापुढे या मुलीचा ठोकळा लावू. तुमचा राहू द्या."

त्यांनी रुमालाची गाठ मारली, सोडली, परत मारली.

"न्हाई. सपेपर्यंत तिलाच लावा," ते म्हणाले. मग साक्षीदाराची काच मायक्रोस्कोपखाली ठेवून समोरचं स्टूल माझ्याकडं सरकवलं. "बसा. तुमी वहिनीला बगितलंच न्हाई कधी."

मी भिंगाला डोळा लावला. बाजूला अप्पा, घरी पाहुणा आल्यासारखे, शर्टाचं वरचं बटण लावून उभे होते.