तेवीसपर्यंतची मोजणी

बस निघून गेली तेव्हा रोंडा कोवाचिक पेट्रोल पंपाच्या मागच्या बाकावर बसून तीस वर्षांपूर्वीची आठवण काढत होती. आठवण अगदी रंगात आली होती. कापलेल्या मक्याच्या शेतांमधून एक निळी बस जाताना तिला दिसली आणि 'अरे वा, थेट आपल्या बससारखी' असं तिच्या मनात येऊनही गेलं. मग मागच्या काचेवर तिच्याच मुलींनी रंगवलेली अक्षरं दिसली, 'कोचचा शेवटचा सामना', आणि ती ताडकन उठली.

रोंडा वॉलनट फोर्क कॉलेजच्या मुलींच्या फुटबॉल संघाची मुख्य कोच होती. एकतीस वर्षं. सुरुवातीला संघाला मुलांचे टाकून दिलेले शर्ट मिळायचे, मैदानावरचं गवत तीच कापायची, चुन्याच्या रेघा तीच ओढायची आणि सामन्यानंतर चिखलाचे मोजे स्वतःच्या घरी धुवायची. नवरा म्हणायचा, "आपल्याला मुलगी नाही, पण तेवीस मुलींचे मोजे आहेत." आज एक वाजता सत्तर मैलांवर त्या सगळ्याचा शेवट होता, आणि तो शेवट तिच्याशिवायच निघून गेला होता.

चूक तिचीच होती. पहिल्या वर्षी याच पंपावर ती हायडी टॉर्गसन नावाच्या गोलकीपरला विसरून गेली होती. पोरगी तीन तास या बाकावर हातमोजे घालून बसली आणि शेवटी तिची आई कामावरून सुटल्यावर येऊन तिला घेऊन गेली. तेव्हापासून रोंडाने नियम केला. बस सुटण्याआधी प्रत्येकीने शर्टावरचा आकडा ओरडायचा, एकपासून तेवीसपर्यंत. तेवीस झाल्याशिवाय बस हलणार नाही. नंतर एकही पोरगी कुठे राहिली नाही. या पंपावरही तिने पुन्हा कधी बस थांबवली नाही. आज मात्र शेवटचं म्हणून ड्रायव्हरला इथे थांबायला लावलं, बाक बघायला मागे आली आणि बसली. तेवढ्यात बसमध्ये एक ते तेवीस आकडे खणखणीत म्हणून झाले. कोचला आकडाच नव्हता.

"फोन देता जरा?" तिने आत जाऊन गल्ल्यावरच्या बाईला विचारलं. "माझा कोटात राहिला. कोट बसमध्ये आहे."

"मग कुणालातरी बसमध्ये फोन करा की."

"सगळ्यांचे फोन बंद करून पिशवीत ठेवलेत."

"कुणी?"

"मीच. सामन्याआधी फोन नाही, असा नियम आहे."

"बरं, पुढची सीट रिकामी दिसली की येतील मागे."

"रिकामी दिसणार नाही. कोट आहे ना, त्यावर टोपीही ठेवलीय. आणि सामन्याआधी माझ्याशी कुणी बोलायचं नाही, असाही नियम आहे."

बाईने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही फार नियम केलेत हो."

कॉलेजात फोन लावला तर शनिवार. एक रेकॉर्ड केलेली बाई सोमवारी यायला सांगत होती. ज्यांच्याशी सामना होता त्या कॉलेजातही तशीच एक बाई होती, फक्त आवाज जास्त प्रेमळ. मदतनीस कोच सामानाची गाडी घेऊन सकाळीच पुढे गेली होती आणि तिचा नंबर रोंडाला पाठ नव्हता. नवऱ्याचाही नव्हता. अख्ख्या जगातला एकच नंबर तिला तोंडपाठ होता, आणि तो लावण्याआधी तिने फोन दोनदा खाली ठेवला.

तो हायडीच्या आईचा होता. त्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या सणाला रोंडाने माफी मागायला फोन केला, तेव्हा आर्डिस टॉर्गसन म्हणाली होती, "बघू. विचार करते." रोंडाने पुढच्या वर्षी पुन्हा केला. तेव्हाही विचार चालूच होता. असे तीस फोन झाले, पण माफी काही मिळाली नव्हती.

"मिसेस टॉर्गसन, मी रोंडा."

"अजून तीन आठवडे आहेत थँक्सगिव्हिंगला."

"मी पंपावर आहे. त्याच. बस मला विसरून गेली."

 पलीकडून कुणीतरी तोंडावर फडकं दाबून हसावं तसा आवाज आला.

"हलू नकोस," आर्डिस म्हणाली. "येते."

आर्डिस एकोणऐंशी वर्षांची होती आणि तिची गाडी तीस वर्षांची. दोघीही ताशी पंचेचाळीस मैलांच्या वर जात नसत. मागून ट्रकवाले हॉर्न वाजवत होते आणि आर्डिस त्यांना ओळखीचे असल्यासारखा हात करत होती.

"जरा जोरात घेता का? एक वाजता सामना आहे."

"तुला हायडीसाठी घाई नव्हती झाली तेव्हा."

 गाडीत दालचिनीचा वास येत होता, आर्डिसच्या अंगावर पिठाने माखलेला अ‍ॅप्रन तसाच होता. मैलांच्या पाट्या एकेक करून मागे जात होत्या. दर शरद ऋतूत याच रस्त्याने रोंडा गेली होती. पुढच्या वर्षी जायचं नाही, ही गोष्ट तिला आत्ता पहिल्यांदा खरी वाटली आणि डोळे भरून आले.

"रडतेस कशाला? पोचवते ना."

"ते नाही. हायडीचं वाईट वाटतं अजून. म्हणून तर चार वर्षं तिला एकाही सामन्यात राखीव खेळाडूंच्या बाकावर बसवलं नाही."

"तेच तर!" आर्डिसने स्टीअरिंगवर हात आपटला. "तिला बाकावरच बसायचं होतं! पहिलाच सामना, समोर ती दांडगट पोरं... पोरी. घाबरून तिची पाचावर धारण बसली. बस निघेपर्यंत संडासात कडी लावून बसली ती. घर बारा मैलांवर, म्हणजे आई येणार हे माहीत. ठरवून केलं सगळं."

"काय?"

"लपली होती. तू विसरली नव्हतीस तिला."

रोंडाच्या डोळ्यांपुढून एकतीस वर्षांची मोजणी सर्रकन गेली. पावसात, बर्फात, तापाने फणफणलेल्या, हरून रडणाऱ्या, एक ते तेवीस ओरडणाऱ्या पोरी. सगळी एका लपलेल्या मुलीपायी.

"तुम्हाला कधी कळलं हे?"

"तिच्या लग्नाच्या आदल्या दिवशी सांगितलं तिनं. झाली वीस वर्षं."

"वीस वर्षं! आणि मी दर वर्षी फोन करून माफी मागतेय! मला सांगितलं का नाही?"

आर्डिसने मागच्या एका ट्रकला हात केला.

"सांगितलं असतं तर पुढच्या वर्षी केला असतास का फोन?"

 रोंडाने उगाचच सीटबेल्ट नीट केला.

"हायडीचा बाप व्हर्न गेल्यापासून सणाच्या सकाळी घरात आवाज नसतो," आर्डिस म्हणाली. "हायडी करते फोन, पण तिचं आपलं दोन मिनिटं. तुझं बरं असतं. अपराधी माणूस भरपूर बोलतो."

दोघी मैदानावर पोचल्या तेव्हा सामना सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. वॉलनट फोर्क एका गोलने पुढे होतं. या मोसमात बाहेरगावी ते पहिल्यांदाच पुढे होतं. रोंडा धापा टाकत कुंपणापाशी आली, तशी कॅप्टन डेलेनी खेळता खेळताच ओरडली, "कोच, रडून झालं का?"

"कोण रडत होतं?"

"तुम्ही! बसमध्ये! आम्ही मुद्दाम नाही बोलावलं!"

मदतनीस कोच कानाशी येऊन कुजबुजली, "तुमचा शेवटचा सामना, म्हणून म्हटलं मोकळं होऊ दे मन. पोरी मागच्या दाराने हळूच उतरल्या. काचेतून टोपी दिसत होती, जरा वाकलेली. कुणाला दार वाजवायची हिंमत झाली नाही."

म्हणजे तासभर तेवीस पोरींनी तिच्या टोपीच्या दुःखाचा मान राखला होता. रोंडाला हसावं की ओरडावं कळेना. सवयीने ती ओरडली. "डावीकडे! डावीकडे सरका!" पोरी आज्ञाधारकपणे डावीकडे सरकल्या आणि समोरच्यांनी उजवीकडून गोल केला.

"उगाच आणलं तुला," मागून आर्डिस म्हणाली.

सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. पोरींनी तिला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला, तो जमला नाही, मग तिला नुसत्याच मिठ्या मारून चेंगरलं. रोंडा मनसोक्त रडली, आणि या वेळी टोपीशिवाय.

बसपाशी आर्डिस उभी होती. रोंडाने तिचे दोन्ही हात धरले. "मिसेस टॉर्गसन, आता तर माफी मागायला कारणच उरलं नाही."

"नाही कसं?" आर्डिसने अ‍ॅप्रनवरचं पीठ झटकलं. "तुझा फोन आला तेव्हा सफरचंदाचा केक ओव्हनमध्ये होता. चर्चच्या स्पर्धेचा. बंद करून निघाले तशीच. अर्धा कच्चा, वाया गेला. सहा वर्षं पहिला नंबर होता माझा."

"अरे देवा. माफ करा."

"बघू. विचार करते." ती गाडीकडे वळली आणि पुन्हा थांबली. "आणि फोन दहाच्या आत कर. दहाला हायडीचा येतो."

बसमध्ये मोजणी सुरू झाली. एक, दोन, तीन. नियमाची आता गरज नाही, असं सांगायला रोंडा उठली, पण पोरींचे आवाज ऐकत तशीच उभी राहिली. तेवीस झाले. ड्रायव्हरने किल्ली फिरवली नाही, आरशातून तो तिच्याकडेच बघत होता. मागे सगळ्या वाट बघत होत्या.

"चोवीस," रोंडा म्हणाली, आणि बस निघाली.

तीन आठवड्यांनी, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी सकाळी साडेनऊला, तिने तोच नंबर लावला.

"मिसेस टॉर्गसन, त्या केकबद्दल माफी मागायची होती."

"थांब हं," पलीकडून आवाज आला. "खुर्ची ओढून घेते."