निपाणीतला हंप

आमच्या खासबागेतल्या शिरस्तेदार आप्पांची गाडी आजारी पडायची ती फक्त निपाणीत. बेळगावात तिला साधी शिंकही यायची नाही. वंटमुरीचा घाट ती हूं की चूं न करता चढायची, तवंदीचा घाट उतरायची आणि निपाणीतल्या एका गल्लीत, एका घरासमोरच्या हंपावर, म्हणजे स्पीडब्रेकरवर, आदळली की तिथंच मान टाकायची. महिन्यातून एकदा, अगदी नेमानं.

मी शेजारी बसलेली असायची, म्हणून छातीठोक सांगते. माझं माहेर निपाणीच्या पुढं, आणि आप्पा आमच्या समोरच्या घरातले. "आक्का, बसचे धक्के कशाला खाताय? गाडी जाणारच हाय तिकडं," म्हणायचे. गाडी कशाला जाणार, हे विचारलं की उत्तर तयार. "महिन्यातनं एकदा लांबचा रस्ता दावावा लागतोय. न्हायतर इंजन आळशी हुतंय."

हे खोटं नव्हतं बरं का. आप्पा खोटं बोलत नाहीत. तीस वर्षं कोर्टात शिरस्तेदारी केली, रोज लोकांच्या शपथा ऐकल्या, त्याचा परिणाम साक्षीदारांवर झाला नाही तो सगळा ह्यांच्यावर झाला. मी मास्तरीण, त्यांची लेक वैशाली माझ्याच वर्गात होती. एकदा तिला शाळा बुडवायची होती. दुसरा बाप असता तर 'ताप आला' लिहून मोकळा झाला असता. आप्पांनी लिहिलं, "मुलीला आज शाळेत येण्याचा कंटाळा आला आहे, सबब रजा मिळावी." मी काय कपाळ करणार? दिली रजा.

गाडी चौदा वर्षांची, फिकट निळी, चार माणसं बसली की पाचव्याला श्वास घ्यायला जागा नाही. तिचं दुखणं-खुपणं आप्पा घरच्या माणसासारखं सांगत. क्लच जड झालाय, शॉकअप खुळखुळतंय, एसीचा गॅस उडालाय, मागची काच खाली गेली की वर यायला तयार नाही. "गाडी बोलती आक्का, ऐकणारा पायजे." ऐकून ऐकून निम्मी पेन्शन तिच्यावर घालायचे. टायर नवे, ब्रेक नवे, विमा मुदतीच्या आठ दिवस आधी. मी एकदा चिडून म्हटलं, "आप्पा, एवढ्या पैशात टॅक्सी करून काशीला जाऊन आला असता."

"काशीला माझं कोण हाय?" म्हणाले.

मी विषय बदलला. कारण त्यांचं जे कोण होतं, ते निपाणीत होतं, त्याच हंपासमोर.

वैशाली पुढं निपाणीत मास्तरीण झाली आणि तिनं तिच्याच शाळेतल्या बसवराज नावाच्या मास्तराशी लग्न केलं. मुलगा कानडी, गरीब स्वभावाचा, इतिहास शिकवणारा. लेकीनं आधी विचारलं नाही, ह्याचा आप्पांना राग आला आणि रागात तोंडातून निघून गेलं, "तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाय." दुसरा असता तर बारशा-डोहाळ्यात विरघळला असता. पण हे पडले शिरस्तेदार! बोललेला शब्द खोटा कसा करायचा? पुढं त्यांची बायकोही गेली. घरात एक हे आणि दारात एक ती गाडी.

म्हणून मग गाडी हंपावर बंद पडायची. लगेच वैशाली पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर. "आप्पा, परत?"

"काय करायचं गं, बंद पडली."

मग चहा यायचा, मागोमाग ताट. खिडकीतून आत घेऊन आप्पा स्टेअरिंगवर टेकवून जेवायचे. भाकरी, झुणका, शेंगाची चटणी. ती दाराला टेकून उभी, हे आत. पाय गाडीतच. जावई बॉनेट उघडून आत डोकं घालायचा. त्या बिचाऱ्याला इंजिनातलं ओ की ठो कळत नाही. पण गंभीर चेहऱ्यानं सांगायचा, "स्वल्प तडीरि, आप्पाजी. जरा थांबा. टाइम लागतंय." हे ऐकलं की आप्पा सीट मागं पाडून निवांत व्हायचे.

मला वाटायचं, म्हातारा हळूच किल्ली फिरवत असेल. कळत होतं, पण कळलेलं सगळं बोलायचं नसतं.

मग माझ्या हातून घोळ झाला. आप्पांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर गाडी चालवायची नाही. किल्ली माझ्याकडे दिली, "रोज जरा चालू करून ठेवा." चौथ्या दिवशी गाडी ढिम्म. मी मेकॅनिकला बोलावलं. तो म्हणाला, "आक्का, बॅटरी म्हातारी झालीया, आणि हिची वायर नुसती ठेवल्यागत हाय. दणका बसला की निसटतीया."

म्हटलं, चला, आप्पांना बरं वाटेल. नवी बॅटरी बसवली, वायर करकचून आवळून घेतली. काय माझी अक्कल!

आप्पांना सांगितलंही नाही. डोळा बरा झाल्यावर निघालो. गाडी नुसती पळत होती. गल्ली आली, हंप आला, गाडी आदळली आणि तशीच पुढं गेली. वैशाली फाटकात तांब्या घेऊन उभी. आप्पांनी तिच्याकडं बघितलं, ती मागं पडली.

पुढं जाऊन वळवली. परत हंप, जरा जोरात. इंजिन मस्त चालू. परत वळवली. तिसऱ्या खेपेला असे आदळलो की माझं डोकं टपाला लागलं. वैशाली तशीच उभी. हसावं की काय, तिला कळेना.

गल्लीच्या तोंडाशी आप्पांनी गाडी उभी केली. इंजिन गुरगुरत होतं.

"काय केलासा हो हिला?"

मी सांगितलं, बॅटरी, वायर, सगळं.

आप्पा म्हणाले, "कुणी सांगितलंतं दुरुस्त करायला? तिला आता काय म्हणून सांगू मी?" ऑपरेशन झालेला डोळा पुसला, मग दुसराही पुसला.

पण मीही तीस वर्षं पोरं सांभाळलेली बाई आहे. "गाडी घ्या मागं," म्हटलं. बरोबर फाटकासमोर आल्यावर हात घालून किल्ली फिरवली, काढली आणि माझ्या पर्समध्ये टाकली.

"आप्पा, किल्लीबिगर ही गाडी चालू होती का?"

"न्हाय."

"मग बंद पडली म्हटलं तर ते खोटं?"

आप्पांनी कोर्टात असल्यासारखा विचार केला. "न्हाय. खरं हाय."

तोवर वैशाली खिडकीशी आली होती. तिनं तांब्या आत दिला. "आप्पा, मला वाटलं, आता तुमी थांबतच न्हाय."

"बंद पडली गं," आप्पा म्हणाले.

जावयानं बॉनेट उघडलं. आत कोरी करकरीत बॅटरी चकाकत होती. त्यानं ती बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि डोकं आत घालून म्हणाला, "लई मोठं काम हाय, आप्पाजी. दोन तास तरी लागतंय."

आप्पा एकदम ताठ बसले.

"दोनच? गेल्या खेपेला तीन लागलंतं."