दोघांचं कार्ड, एकटी थेल्मा

थेल्मा आणि क्लिफर्ड ऑग्डन यांचा एकेचाळीस वर्षांचा संसार फेब्रुवारीत रीतसर मोडला, तेव्हा स्किप्टनच्या वकिलाने सगळ्याची वाटणी करून दिली. घर तिला, कॅरॅव्हॅन त्याला. चांगल्या कपबश्या तिला, बागेची अवजारं त्याला. वाटता आलं नाही ते फक्त रेल्वेचं कार्ड. त्यावर दोघांचे फोटो शेजारी शेजारी होते. दोघं बरोबर असतील, तर साडेनऊनंतरच्या गाड्यांना भाड्यात एक तृतीयांश सूट मिळायची, आणि मुदत नोव्हेंबरपर्यंत होती. सूट वाया घालवण्याइतका राग दोघांनाही आलेला नव्हता. त्यामुळे दर गुरुवारी थेल्मा मोरकमला बहिणीकडे आणि क्लिफर्ड तिथेच समुद्रावर गळ टाकायला, असे एकाच डब्यातून जात. एकमेकांशी चकार शब्द बोलत नसत.

त्या गुरुवारी बहिणीचा, ईनिडचा, सत्तरावा वाढदिवस होता. एक वाजता तिच्याकडे बारा माणसं जेवायला बसणार होती आणि केक थेल्माच्या मांडीवर होता.

बेंथमला गाडी थांबली. तिथल्या फलाटावरच्या कुंड्या गावकरी हौसेने सांभाळतात. त्यातल्या एका कुंडीत क्लिफर्डला तण दिसलं. दुसऱ्याच्या कुंडीतलं तणसुद्धा त्याला बघवत नसे. तो खाली उतरला, वाकला आणि ते उपटायला लागला. मूळ बरंच खोल गेलेलं होतं. दारं बंद झाली, गाडी हलली, तरी हा ओढतोच आहे. थेल्माला खिडकीतून सगळं दिसत होतं. हाक मारावी असं तिला वाटलंही. पण आधी कोणी बोलायचं, हा प्रश्न फेब्रुवारीपासून सुटलेला नव्हता.

थोड्याच वेळात तिकिटं तपासायला गार्ड आली. तरुण पोरगी, नोकरीत नवीन. तिने कार्ड निरखून पाहिलं आणि यातले गृहस्थ कुठे आहेत, असं विचारलं.

"बेंथमला," थेल्मा म्हणाली. "तण काढतोय."

"मग काकू, तुमचं तिकीट चालणार नाही. हे दोघांचं आहे."

पाच मिनिटांपूर्वीपर्यंत तो बरोबर होता, असा थेल्माने वाद घातला. बेंथमपर्यंतचा प्रवास अगदी कायदेशीर झाला, हे गार्डनेही मान्य केलं. पुढे मात्र पूर्ण भाड्याचं तिकीट घ्यावं लागेल, म्हणाली. थेल्माने कित्येक वर्षांत पूर्ण भाडं भरलेलं नव्हतं, आणि ईनिड सत्तर वर्षांची झाली म्हणून ती हे व्रत मोडणार नव्हती. मग पोरीनेच तोडगा काढला: पुढच्या स्टेशनवर उतरा, ते आले की दोघं मिळून पुढे जा.

वेनिंग्टनला फलाट, बाक आणि पलीकडे मेंढ्या, एवढंच होतं. पुढची गाडी अडीच तासांनी. थेल्माने केक बाकावर ठेवला आणि नाइलाजाने फोन लावला.

"मी वेनिंग्टनला आहे. पुढच्या गाडीने ये."

"कसा येऊ? तुझ्याशिवाय माझंही तिकीट चालत नाही," क्लिफर्ड म्हणाला. "तूच मागे ये."

"मी तरी कशी येऊ? तू कुठे आहेस बरोबर?"

मधे अंतर चार मैलांचं. पण एकत्र प्रवास करायचा तर आधी एकत्र यायला हवं, आणि एकत्र यायला प्रवास करायला हवा. दोघंही आयुष्यभर नियमाने वागलेली माणसं. पूर्ण भाडं भरण्याचा विषय कोणी काढलासुद्धा नाही.

शेवटी क्लिफर्ड रस्त्यावर जाऊन उभा राहिला. एका मेंढपाळाने त्याला आपल्या ट्रकमध्ये घेतलं. पण पुढच्या सीटवर त्याचा कुत्रा बसलेला, म्हणून मागे मेंढ्यांत उभं केलं. पाऊण वाजता तो अंगभर लोकर घेऊन फलाटावर आला. थेल्माने ईनिडला फोन करून जेवायला बसा म्हणून सांगितलेलं होतं. उन्हाने केकवरचं आयसिंग एका बाजूला घसरत होतं आणि क्लिफर्ड उपाशी होता. त्याने सुरी काढली. त्या सुरीने तो गळाला लावायचं आमिष कापतो हे माहीत असल्यामुळे थेल्माने हातानेच तोडून एक तुकडा त्याला दिला, एक स्वतः घेतला, आणि तोंड गोड करून भांडणाला सुरुवात केली.

तणावरून विषय कॅरॅव्हॅनवर गेला, तिथून वीस वर्षांपूर्वीच्या पडद्यांवर. सात महिन्यांचं साठलेलं होतं. गाडी आली, तेव्हा केक वर लिहिलेल्या सत्तर या आकड्यातल्या शून्यापर्यंत संपला होता आणि पडदे अजून चालूच होते. ती दोघं भांडतच चढली, भांडतच शेजारी शेजारी बसली.

या गाडीचा गार्ड म्हातारा होता. थेल्माने कार्ड आणि तिकिटं त्याच्यासमोर धरली, पण तो नुसती मान डोलावून पुढे निघाला.

"अहो, नीट बघा ना," थेल्मा म्हणाली. "आम्ही दोघंही आहोत."

"काय बघायचं? नवरा-बायको आहात, हे पलीकडच्या डब्यात कळलं मला."

"आमचा घटस्फोट झालाय."

गार्ड थांबला. त्याने कार्डावरचे फोटो पाहिले, मग दोघांकडे पाहिलं.

"म्हणजे तुम्ही एकत्र नाही?"

नाही म्हणायला दोघांनी एकदमच तोंड उघडलं आणि एकदमच मिटलं.

"आहोत," क्लिफर्ड म्हणाला.

"मोरकमपर्यंत," थेल्माने लगेच जोडलं.

"जाण्या-येण्याचं तिकीट आहे, बाई," गार्ड म्हणाला आणि तिकिटांना भोकं पाडून पुढे गेला.