पार्किंगमधली म्हैस

आमच्या विचुंब्याच्या सोसायटीत संध्याकाळी पार्किंगमध्ये एक म्हैस बसते. तिला पांढऱ्या मिशा आहेत, अंगात बनियन आहे आणि याच बिल्डिंगमधले चार फ्लॅट तिच्या नावावर आहेत. म्हशीचं नाव हसुरामनाना.

नाना इथलेच. बिल्डिंग उभी आहे तिथे त्यांचा गोठा होता. जागा बिल्डरला गेली, बदल्यात फ्लॅट आले. त्यातला एक ते फक्त पशुवैद्यकीय पदविका करणाऱ्या मुलामुलींना देतात. नोकरीवाली जोडपी जास्त भाडं द्यायला तयार असतात, पण नाना त्यांना दारातच विचारतात, "तुमी गुरांचं शिकता? नाय? मंग पुढचा गेट बघा."

परीक्षा जवळ आली की नानांना चेव येतो. "पुस्तकात म्हस मावते काय?" असं म्हणत ते गुडघ्यांखाली उशी घेऊन चार पायांवर येतात आणि पोरांना तोंडी परीक्षेची तयारी करवतात. पोटफुगी झाली की गाल फुगवतात, खुरकूत असेल तर लंगडतात. कासेच्या आजारात मात्र बनियन खाली ओढून गंभीरपणे म्हणतात, "ही समजून घे."

म्हैस बोलत नसल्यामुळे प्रश्नांची उत्तरं द्यायला मालक लागतो. तो मी. मी जन्मभर टपाल खात्यात होतो, पण नानांच्या लेखी चष्मा लावणारा प्रत्येक जण मास्तर. गुरांशी माझा संबंध पिशवीच्या दुधापुरता. पहिल्याच दिवशी एका पोराने विचारलं, "खाणं काय देता?" मी म्हणून गेलो, "सकाळी पोहे." "गोठा हवेशीर आहे?" "दोन्ही बाजूंना बाल्कनी आहे." म्हैस खालून करवादली, "मास्तर, परीक्षा हाय, जत्रा नाय!"

सगळे आजार झाले की शेवटी नाना एक खास म्हैस करतात. खाली बसतात, मान वळवून तोंड बरगडीला लावतात आणि गप्प राहतात. या म्हशीपुरतं माझं उत्तर त्यांनी मला पाठ करून दिलंय: "ही कालच बाजारातून आणली, मागचं काही माहीत नाही." पोरं गोंधळतात. कोणी म्हणतं साप चावला, कोणी म्हणतं थंडी बाधली. उत्तर चुकलं की नाना खुशीत उठतात. "कठीण हाय ती. कोनालाच जमत नाय!" मग त्या पोरांना घरी कालवण-भात.

ही कोणती म्हैस, ते मला नानांच्या बायकोने, वहिनींनी सांगितलं. मी नानांच्या नकलेचं कौतुक करायला गेलो होतो आणि हसत होतो. त्या हसल्या नाहीत.

"ती आमची गंगी हाय, भावजी. व्यायली, दुसऱ्या दिवशी बसली ती उठलीच नाय. यांना वाटलं, दमलीय, झोपू दे. अंगावर गोणपाट टाकलं. डाक्टरला बोलावलं नाय. आता पोरं चुकली की मना येऊन सांगतात, शिकलेल्यांना पन कळत नाय गं. त्या रातीला जरा झोप लागते त्यांना."

त्यानंतर मी माझं वाक्य जास्त मन लावून म्हणू लागलो.

यंदा कोमल आली. लातूरकडची. याच तोंडी परीक्षेत एकदा नापास झालेली. या खेपेला नाही जमलं तर घरी ये, स्थळ बघून ठेवलंय, असं वडिलांनी बजावलेलं. परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी नाना तिच्यासमोर मान वळवून बसले.

"कान गार आहेत, काका?"

"गार," मी म्हणालो.

"ताप?"

"नाही."

"व्यायली कधी?"

"कालच बाजारातून आणली, मागचं काही..."

"ते मघाशीच सांगितलंत. पण कास बघून कळतंच की. व्यायलीय की नाही?"

कासेचं हे आजवर कोणी विचारलंच नव्हतं. मी नानांकडे बघितलं. ते बरगडीकडेच बघत होते.

"नाही व्यायली," मी म्हणालो. मालक म्हणून इतकं ठाम उत्तर मी पहिल्यांदाच दिलं.

कोमलने पुस्तक चाळलं, मिटलं. "मग मला नाही येत, नाना. उद्या नेमकं हेच विचारतील. अप्पांना आत्ताच फोन करते, येते म्हणून." तिचे डोळे भरले.

"व्यायली हाय," म्हैस म्हणाली. "काल रातीला. पारडू जितं हाय."

कोमलने डोळे पुसले. "अहो, मग सोपं आहे! दुग्धज्वर! नावालाच ज्वर, ताप नसतो. अंगातलं कॅल्शियम सगळं दुधात उतरतं. शिरेतून कॅल्शियमची बाटली लावायची."

"उठते?"

"उठते की! कधी कधी तर बाटली संपता संपता उभी राहते!" ती आनंदाने हसत होती. वहिनी जिन्यापाशी डबा घेऊन उभ्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

नानांनी मान वर केली नाही. "पास झालीस तू," ते म्हणाले. मग म्हणाले, "कशी लावतात, दाव."

कोमलने त्यांचा चेहरा बघितला आणि तिचं हसू गेलं. तिने माझ्याकडे बघितलं. मालक खाली बघत होता. मग ती नानांजवळ बसली, एका हाताचं बोट त्यांच्या मानेवर टेकवलं आणि दुसरा हात, जणू त्यात बाटली आहे, असा उंच धरला.

"सावकाश द्यावी लागते, नाना. घाई केली तर काळजाला झेपत नाही."

"दे सावकाश."

कोणाची तरी स्कूटर आत आली, आम्हाला बघून कडेने निघून गेली. कोमलचा हात भरून आला होता. तिने तो खाली घेतला नाही. आम्ही सगळेच बाटली संपायची वाट बघत राहिलो.

"संपली," शेवटी ती हळूच म्हणाली. "उठा, नाना."

नाना उठले नाहीत.

अशा वेळी मालकाने काय करायचं असतं, हे मला कोणी पाठ करून दिलं नव्हतं. मी फरशीवर बसलो आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला.